दुखणे घराण्याचे की पिशवीचे?

थोरल्या काकूंच्या उठावण्याला आलेल्या एका पाहुण्यांनी मला ओसरीवर बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, "हे दुखणे तुमच्या घराण्यातच आहे का?" प्रश्नात काळजी होती, तसा सोयरिकीचा हिशेबही होता. घरात लग्नाच्या वयाच्या दोन मुली आहेत. काकूंना पित्ताशयाचा कर्करोग झाला होता. मंठ्याच्या मोंढ्यात मात्र शेवटपर्यंत "लिव्हरचा त्रास" एवढेच सांगितले गेले. असा प्रश्न अनेक घरांत मनातच ठेवला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

पित्ताशय ही यकृताखालची लहानशी पिशवी. तिच्यात खडे वर्षानुवर्षे राहिले की आतले अस्तर सतत सुजते. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि दर वेळी जनुकांच्या मजकुराची नक्कल होते. जुन्या वहीतून नव्या वहीत बाकी ओढताना एखादा आकडा चुकावा, तशी या नकलेत चूक राहते. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या टीपी५३ या जनुकातच चूक झाली, तर वाढ आवरत नाही. या कर्करोगात सर्वाधिक आढळणारा बिघाड हाच. बहुतेक रुग्णांत तो आयुष्याच्या ओघात त्या पिशवीतल्या पेशींमध्येच निर्माण झालेला असतो. आईकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही.

(दीर्घ उपवासात पित्त साचून घट्ट होते व खड्यांना निमित्त मिळते, हे वैद्यकाला मान्य आहे. पण खडे असणाऱ्या शेकडो माणसांतून फार थोड्यांनाच कर्करोग होतो. तेव्हा तपश्चर्येवर खापर फोडण्याची घाई कोणी करू नये.)

मग वारशाचा काहीच संबंध नाही काय? थोडा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने अमेरिकेतील संशोधकांसह भारतातील एक हजारांहून अधिक रुग्णांची, हा रोग नसलेल्या व्यक्तींशी जनुकीय तुलना केली. ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाली. सातव्या गुणसूत्रावर, एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या जनुकांच्या परिसरात, धोका वाढवणारे काही भेद सापडले. एबीसीबी४ पित्तात स्निग्ध द्रव्य सोडण्याचे काम करते. ते कमी पडले की खडे होण्यास वाव मिळतो. मात्र हे भेद समाजात सर्रास आढळणारे आहेत. ते असलेली असंख्य माणसे धडधाकट आयुष्य जगतात. त्यावरून कोणाचे स्थळ नाकारणे म्हणजे चष्मा लागलेल्या घरात मुलगी न देण्यासारखे आहे. एकाच घरात रक्ताच्या नात्यातील अनेकांना तरुण वयात कर्करोग झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

काकूंच्या बाबतीत मला सलते ते दुसरेच. दोन वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीने त्यांची पिशवी काढली. खडे बाटलीत घालून आमच्या हाती दिले गेले, आल्यागेल्याला ते दाखवूनही झाले. पिशवी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीस गेलीच नाही. पित्ताशयाचा कर्करोग पुष्कळदा अशा तपासणीतच, अनपेक्षितपणे आणि लवकर सापडतो. आम्हाला तो यकृतात पसरल्यावर कळला.

तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा घेऊन 'हर-टू'ची तपासणी केली. पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारे हे प्रथिन ईआरबीबी२ या जनुकातून तयार होते. काही रुग्णांच्या गाठीत ते अतोनात वाढलेले असते. खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेतील डॉ. अमित दत्त यांच्या गटाने प्राथमिक अवस्थेतील गाठींची जनुके वाचून २०१९ मध्ये याच जनुकाच्या बिघाडाकडे लक्ष वेधले. केरॅस हे दुसरे जनुकही बिघडलेले असेल तर त्या वाटेवरची औषधे निष्प्रभ ठरतात, हेही त्यांना दिसले. स्तनांच्या कर्करोगात वापरले जाणारे ट्रॅस्टुझुमॅब याच हर-टूवर बेतलेले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हर-टू वाढलेल्या पित्तमार्गाच्या कर्करोगासाठी झॅनिडॅटामॅबला मान्यता दिली. ही औषधे रोग समूळ घालवतातच असे नाही. ज्यांना लागू पडतात, त्यांना काळ मिळतो.

काकूंचा अहवाल नकारात्मक आला. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही नेहमीची औषधे चालली, आठ महिने मिळाले. त्यातले पाच त्यांनी स्वतःच्या पायांनी मंदिरात जाऊन काढले.

आता आमच्या नात्यात कोणाच्या पिशवीची शस्त्रक्रिया ठरली की मी आधीच फोन करतो: पिशवी तपासणीला पाठवण्याचे डॉक्टरांकडून कबूल करून घ्या, लेखी अहवाल मागा. कर्करोग निघाला तर प्रयोगशाळेतला मेणाचा ठोकळा, ज्याला 'ब्लॉक' म्हणतात, तो कोठे ठेवला आहे ते विचारून घ्या. हर-टूची तपासणी पुढे त्यावरच होते. लगेच मुंबई गाठणे जमत नसेल, तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ आहे.