पुलापर्यंत सावकाश

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहें आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. गांवें दोन, पण नगरपरिषद एकच. आणि मधला पूल म्हणजे दोहोंच्या नित्य व्यवहाराचा धागा. गेल्या पौषांत आम्ही चार दिवस आत्याबाईंच्या घरीं अष्टमीस होतों. भिरे येथें १९२७ सालीं सुरू झालेल्या टाटांच्या वीजगृहांतून मुळशीच्या तलावाचें पाणी या नदींत उतरतें. म्हणून कोंकणांतील इतर नद्या उन्हाळ्यांत आटल्या तरी कुंडलिका वाहती असते. पहांटे तिच्यावरचें धुकें कौलांपर्यंत येई. अशा शांत वेळीं आम्हांस जाग मात्र भूपाळीनें येत नसे, फटफटीच्या आवाजानें येई.

आमचे आतेबंधु दादा यांच्याजवळ वडिलांच्या हातची जुनी बुलेट आहे. ती सुरू करणें हा एक विधीच. कांटा मध्यावर आणावयाचा, चोक ओढावयाचा, मग सर्व भार पायावर घेऊन किक मारावयाची. गाडी धडधडूं लागली कीं पडवींत तशीच पाव तास उभी ठेवून दादा स्नानसंध्या उरकीत. वडील असेंच करीत, हें त्यावरील अखेरचें प्रमाण.

मुळांत ही रीत निराधार नाहीं. रात्रभर उभ्या गाडीचें तेल तळाशीं उतरलेलें असतें. तें वरच्या भागांपर्यंत चढावयास कांहीं क्षण लागतात. शिवाय जुन्या इंजिनाचें नळकांडें बिडाचें, तर आंतला दट्ट्या ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम बिडापेक्षां अधिक फुगतें, आणि दट्ट्या तापतोहि लवकर. थंड इंजिनाला एकदम जोराची रेस दिली, तर दट्ट्या आधीं फुगून नळकांड्यांत अडकण्याचें भय असतें. थंडींत पेट्रोलाची वाफहि नीट होत नाहीं; म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागते.

पण त्या घरांत गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. पडवीला लागून माजघर, आणि माजघरांत धाकटी सून बाळंतीण. थंडीमुळें पडवीचीं दारें लावलेलीं. तिचें डोकें रोज सकाळीं दुखे, मळमळ होई, आणि दुपारपर्यंत सारें निवळे. घरांत सर्वांनीं त्याला पित्त ठरविलें होतें. सुंठसाखर चालू होती. तिसऱ्या सकाळीं पडवींत वर्तमानपत्र वाचीत बसलों असतां आमचेंहि डोकें जड झालें, आणि मग आमच्या डोक्यांत प्रकाश पडला.

इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत प्राणवायूची जागा तो बळकावतो. प्रथम डोकें दुखतें, मग चक्कर, मग शुद्धि जाते. चोक ओढलेला असतां पेट्रोल जास्त, हवा कमी, म्हणून हा वायु अधिकच निघतो. तान्ह्या मुलाचा श्वास जलद असल्यानें त्याला धोका मोठ्या माणसाहून जास्त.

सूनबाईला विचारलें, तेव्हां ती हळूच म्हणाली, “मला पंधरा दिवसांपासून संशय होता. पण मामंजींना कसें सांगावें?”

आमच्या मनाला हें फार लागलें. चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात याचा आम्हांस अभिमान; पण त्याच छपराखालीं एक मुलगी जीव गुदमरत असतां मर्यादेपायीं गप्प राहिली. आम्ही आत्याबाईंच्या कानावर सर्व घातलें. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर त्या दादांना एवढेंच म्हणाल्या, “गाडी तुझ्या वडिलांची खरी, पण लेंकरूं आपलें आहे. उद्यांपासून आधीं ती रस्त्यावर काढ आणि मग काय ती किक मार.” दादा कांहींच बोलले नाहींत. सुपारी कातरीत बराच वेळ बसून राहिले.

त्यांचा धाकटा मुलगा मात्र म्हणाला, “आजी, पाव तासाची गरजहि नाहीं.” त्याचें म्हणणें खरें होतें. गाडी उभी असतां तिला वारा लागत नाहीं. न जळलेलें पेट्रोल नळकांड्यावरील तेलाचा थर धुऊन खालीं उतरतें. प्लगवर काजळी धरते. येथें अति तेथें मातीच. कोंकणची थंडी ती केवढी! जुन्या गाडीला एखादें मिनिट पुरे. मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावी, म्हणजे इंजिन, गिअर, टायर सारींच बरोबरीनें तापतात. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचा दंडक आल्यावर नव्या मोटारसायकलींत बहुधा कार्ब्युरेटर उरला नाहीं. इंधन मोजून फवारलें जातें. त्यांना अर्धें मिनिटहि पुष्कळ.

दुसऱ्या सकाळीं जाग आली तेव्हां पडवी निःशब्द होती. दादा एकटेच गाडी ढकलीत रस्त्यावर नेत होते. किक बसली, मिनिटभरानें चोक मिटला. आम्ही मागें बसलों. धुक्यांतून पुलापर्यंत ते इतक्या हळू गेले कीं दूधवाल्याची सायकल आमच्यापुढें निघाली. पुलाच्या मध्यावर दादा मान न वळवितां म्हणाले, “पोरीनें मलाच सांगितलें असतें तरी चाललें असतें हो.”

आम्ही म्हटलें, “मग तें तिला आज सांगा.”

रोह्याच्या बाजारांतून परततांना त्यांनीं सूनबाईकरितां डिंक आणि खारका घेतल्या. त्या दिवशीं तिचें डोकें दुखलें नाहीं.