वजन भारी, रक्त मात्र कमी

२०२० साली इस्राएल आणि अमिराती यांच्यात करार झाला, विमाने सुरू झाली आणि लोदहून शारजाला लेकीकडे जाणे मला सोपे झाले. तिथल्या एका मुक्कामात मला जो धडा मिळाला, तो आपल्या भगिनींना सांगावासा वाटतो.

माझी लेक चाळिशीची, वजन ९२ किलो. दोन जिने चढली की धाप लागे. दुपारी आडवी झाली की तिला उठवत नसे. दिवसभर बर्फाचे खडे कडाकडा चावायची. मला वाटे, इथल्या उकाड्यात बर्फ कोण खात नाही? थकव्याबद्दल मात्र मी तिला सरळ बोलले, "अगं, अंग हलव जरा! खाऊनपिऊन सुखी आहेस, तुला कसली आलीय अशक्तता?" ती गप्प राहिली आणि तिने जेवण निम्म्यावर आणले. मटण घरात क्वचितच शिजे. आता अंडी आणि डाळही सुटली.

एके दिवशी स्वयंपाकघरातच तिला भोवळ आली. जावयांनी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन निघाले ८.४! बाईमाणसाचे १२ च्या खाली गेले की पांडुरोग समजतात. मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "एवढ्या अंगाच्या मुलीला रक्त कमी कसे?"

त्यांनी समजावले, चरबी फार वाढली की शरीरात आतल्या आत बारीक सूज राहते. त्यामुळे यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य जास्त बनवते. ते म्हणजे लोहाच्या दारावरचा पहारेकरी. तो कडक झाला की खाल्लेले लोह आतड्यातून रक्तात नीट जात नाही आणि साठ्यातलेही सहज सुटत नाही. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणीही अशा सुजेमुळे फसवी, बरी दिसू शकते. लेकीची पाळीही फार जात होती. तिने मला कधी सांगितलेच नव्हते. बर्फाची ती ओढसुद्धा लोह कमी असल्याचेच लक्षण होते.

गोळ्या आणि पाळीवरचा इलाज सुरू झाला. जेवणावरचा कडक चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणून तो तासभर पुढे ढकलला. डाळ परत आली, वर लिंबू पिळू लागलो. वजन उतरवायचे आहेच, पण पोट मारून नव्हे. ते हळूहळू उतरले की पहारेकरीही सैल पडतो.

मात्र गोळ्या कोणी आपल्या मनाने घेऊ नयेत. थॅलेसेमियाच्या वाहकांचेही हिमोग्लोबिन थोडे कमी असू शकते, पण त्यांना लोह कमी असतेच असे नाही. आधी तपासणी, मग औषध.

तीन महिन्यांनी लेकीचा फोन आला, "आई, ११.६ झाले! बर्फाची आठवणही येत नाही." मी तिची माफी मागितली. ती हसली, पण माझे ते बोल ती विसरली असेल असे मला वाटत नाही. म्हणून सांगते, घरातल्या जाड मुलीला आळशी म्हणण्याआधी एकदा तिचे रक्त तपासून घ्या.