फोकसिंग रेल, आजोबा आणि एकोणतीस



आपल्या सगळ्यांच्या घरात एक प्रश्न फिरून फिरून येतो. मुलांना मराठी कळतं, पण ती बोलत नाहीत. आपण मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. मराठी शाळा, गोष्टींची पुस्तकं, "घरात फक्त मराठी" असा नियम, सगळं आपण करतो. ते चूक आहे असं मी म्हणत नाहीये. पण आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात एक वेगळीच वस्तू कामाला आली. ती आहे फोकसिंग रेल. भाषेशी तिचा काहीही संबंध नाही, म्हणूनच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

थोडी ओळख. आम्ही पोरिरुआला राहतो, वेलिंग्टनच्या उत्तरेला. मी सीए, त्यामुळे मार्च महिना इथेही तसाच जातो जसा पुण्यात जायचा. न्यूझीलंडचं करवर्षही ३१ मार्चलाच संपतं, एवढं एक नशीब मी सोबत घेऊन आले! लेक तेरा वर्षांची. तिला कीटक आवडतात, आणि ही आवड सरळ तिच्या आजोबांकडून आली आहे. माझे बाबा साताऱ्याला शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. सप्टेंबरमध्ये मुलांना घेऊन कास पठारावर जायचे. खिशात भिंग, पँटच्या गुडघ्यांना चिखल. 'सीतेची आसवे'चं फूल जेमतेम नखाएवढं, ते बघायला माणसाला जमिनीवर पालथं पडावं लागतं. कासला पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून बाबा तिथे पालथे पडत होते.

आता त्यांच्या डोळ्याचा पडदा झिजतो आहे. मॅक्युलर डिजनरेशन. कडेचं दिसतं, मधलं पुसट होत जातं. भिंग आता उपयोगाचं नाही. पण टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर, जवळ बसून, चित्र स्वच्छ असेल तर त्यांना बरंच दिसतं. लेक इथून फोटो पाठवते, भाऊ तिकडे टीव्हीवर लावतो, आणि आजोबा खुर्ची पुढे ओढून बघतात. अडचण एकच. क्लोजअप फोटोत एक डोळा स्पष्ट असतो आणि बाकी सगळं धुक्यात. तुम्हाआम्हाला ते 'आर्टिस्टिक' वाटतं. ज्याला आधीच धूसर दिसतं त्याला वरून आणखी धूसर चित्र काय कामाचं? बाबा म्हणाले, "पोरी, अर्धाच किडा पाठवलास. उरलेला कुठे आहे?"

हा उरलेला किडा मिळवायचा कसा, इथे रेल आली.

आधी गणित सांगते, माझा प्रांत आहे. किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटला की त्याला एकास एक म्हणतात. खरं मॅक्रो तिथून सुरू होतं. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मधल्या आकाराचा, एपीएस-सी. एकास एकला, एफ ८ वर, स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी भरते साधारण ०.६ मिमी. म्हणजे रव्याच्या एका कणाएवढी. किड्याची खोली १० मिमी असेल तर एका फोटोत त्यातलं जेमतेम सहा टक्के हाती लागतं.

मग छिद्र बारीक करून एफ २२ का नको? कारण इतक्या जवळून प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो, आणि एकास एकला त्याचा परिणाम जवळजवळ एफ ४४ सारखा होतो. पट्टा जाड होतो, पण सगळंच थोडं थोडं मऊ पडतं. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च.

त्यामुळे उपाय हा: एकाच किड्याचे पुष्कळ फोटो काढायचे, प्रत्येकात स्पष्ट पट्टा थोडा पुढे सरकलेला, आणि मग संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक चित्र जुळवायचं. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर अशी खास सॉफ्टवेअर आहेत, फोटोशॉपमध्येही होतं.

पट्टा पुढे सरकवायचे दोन मार्ग. एक, लेन्सची रिंग फिरवणं. पण खूप जवळ गेल्यावर रिंग फिरवली की फोकसबरोबर चित्राचा आकारही बदलतो. दुसरा मार्ग, लेन्सला हात न लावता आख्खा कॅमेराच केसभर पुढे सरकवणं. ते काम रेल करते. ट्रायपॉडवर बसणारी धातूची छोटी पट्टी, वर कॅमेरा, कडेला एक गोल खुंटी. खुंटी फिरवली की आतला स्क्रू कॅमेऱ्याला हळूहळू पुढे नेतो. बस, एवढंच यंत्र. एकास एकपेक्षा कमी मोठं करायचं असेल तर रिंगने किंवा कॅमेऱ्यातल्या फोकस ब्रॅकेटिंगने छान भागतं. त्याहून जवळ जायचं असेल तर मात्र आपणच सरकायला हवं.

आमच्या रेलचा स्क्रू एका पूर्ण फेऱ्यात १ मिमी सरकतो. लेकीने खुंटीवर माझ्या नेलपॉलिशचे तीन ठिपके सारख्या अंतरावर लावले. एक ठिपका म्हणजे ०.३३ मिमी. पट्टा ०.६ चा आणि पाऊल ०.३३ चं, म्हणजे प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर जवळजवळ निम्मा चढतो. हिशोबाच्या भाषेत, कालचा क्लोजिंग बॅलन्स हाच आजचा ओपनिंग बॅलन्स. मध्ये एक पाऊल जरी राहिलं तरी अंतिम चित्रात धुक्याची एक रेघ येते आणि ती नंतर कशानेही भरत नाही. दहा मिमी खोलीला तीस पावलं, एकतीस फोटो.

आता जागा. पोरिरुआचा वारा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको. बाहेर फुलाचा फोटो म्हणजे झोक्यावरच्या मुलाला जेवण भरवणं. घरातही पंचाईत, कारण इथली घरं लाकडी, कोणी स्वयंपाकघरात चाललं तरी कॅमेरा हलतो. म्हणून आमचा स्टुडिओ गॅरेजमध्ये, काँक्रीटच्या जमिनीवर. एक जुनं टेबल, दोन दिवे, पांढरा कागद. शटरला बोट लावायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर. एक्स्पोजर आणि रंग दोन्ही हाताने पक्के केलेले, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा.

आणि विषय? जिवंत किडा एकतीस फोटोंसाठी थांबत नाही. थांबावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, हा लेकीचा नियम. पण इथे जानेवारी ते मार्च कुंपणावर, झाडांच्या बुंध्यांवर सिकाडाच्या रिकाम्या काती चिकटलेल्या असतात. पिल्लू कित्येक वर्षं जमिनीखाली काढतं, वर येतं, पाठ उकलून बाहेर पडतं आणि उडून जातं. मागे उरते पारदर्शक तपकिरी कात, पुढच्या पायांच्या खणायच्या नख्यांसकट. ती हलत नाही, कंटाळत नाही, फुकट मिळते. शिकायला याहून चांगलं मॉडेल नाही.

तर रविवारी संध्याकाळी साडेचार, म्हणजे उन्हाळ्यात साताऱ्याला सकाळचे नऊ. फोन टेबलाला टेकवून व्हिडिओ कॉल चालू. खरं तर आजोबांना त्यात फार दिसत नाही. म्हणून लेकीला सांगावं लागतं. आजोबांना इंग्लिश उत्तम येतं, पण लांबून, फोनच्या आवाजात, तिचा किवी उच्चार त्यांना कळत नाही. आणि त्यांना हवं असतं नेमकं. "पायाला काटे आहेत का केस? किती? आतल्या बाजूला का बाहेरच्या?" तिला शब्द लागतात आणि ती मागते. मिशी, नखी, सांधा, पापुद्रा, खाच. 'कात' हा शब्द तिला आजोबांनी दिला, आणि 'कात टाकणे' माणसांबद्दलही म्हणतात हे कळल्यावर ती पोट धरून हसली.

पण खरी गंमत मोजण्याची. प्रत्येक ठिपक्याला आकडा मोठ्याने म्हणायचा, कारण एक पाऊल चुकलं की सगळी रांग वाया. आणि मोजायचं कोणी? लेकीचे हात खुंटीवर, डोळे स्क्रीनवर. म्हणून आजोबा आणि ती दोघं मिळून मोजतात, मराठीत. अठरापर्यंत बिनघोर. मग 'एकोणीस' कसंबसं, आणि 'एकोणतीस'ला गाडी हमखास अडते. आपल्या सगळ्यांच्या मुलांची तिथेच अडते. भारतातल्या मुलांचीही अडते म्हणून तर २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं आणि केवढा वाद झाला, आठवत असेल.

लेक एकदा म्हणाली, "आजोबा, शाळेत आम्ही माओरीत मोजतो. ट्वेंटी-नाईन म्हणजे रुआ तेकाउ मा इवा. दोन दहा आणि नऊ. सोपं. मराठी असं का करते?" बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "तू आत्ता तीस गाठायला निघाली आहेस ना? मग एकोणतीसाव्या फोटोला तुझ्या मनात काय असतं, नऊ का तीस?" ती म्हणाली, "तीस." "मग? मराठी तेच म्हणते. तीसला एक उणा." मी टेबलाच्या पलीकडे दिवा धरून उभी होते. वीस वर्षं आकड्यांवर पोट भरते आहे, पण एकोणतीस हा आकडा नसून वजाबाकी आहे, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मार्चमध्ये लाकडांच्या ढिगामागे एक मेलेला वेटा मिळाला, झाडात राहणारा, साधा. (वेटाच्या काही जाती कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना हात लावायचा नाही. आमच्या समोरच्या माना बेटावर राक्षसी वेटा आहेत, ते तिथेच बघायचे.) वेटा हा रातकिड्यांचा आणि नाकतोड्यांचा भाऊबंद. बाबांनी ऐकलं आणि लगेच काम लावलं: "त्याचा कान शोध." लेकीने डोकं तपासलं, काही नाही. "डोक्यावर कशाला असेल? रातकिड्याचा कुठे असतो? पुढच्या पायाला, गुडघ्याच्या खाली." रेल लावली, एकतीस पावलं, संगणकाने चित्र जुळवलं. पुढच्या पायावर लांबट गोल, ताणलेला पातळ पापुद्रा. कान.

ते चित्र साताऱ्याच्या टीव्हीवर गेलं. बाबा बराच वेळ बघत होते. कडेकडेने बघतात आता, मान जराशी वळवून. मग म्हणाले, "सगळा आला."

मी भाबडी नाही. कॉल संपला की लेक मला इंग्लिशमध्येच विचारते की जेवायला काय आहे. तिला मराठी 'आवडायला लागली' असं काही घडलेलं नाही. घडलं एवढंच, की आठवड्यातून एक तास असं एक काम आहे जे मराठीशिवाय होत नाही, आणि ते काम तिला हवं आहे. मी तिला "मराठीत बोल" म्हणते तेव्हा मी तिची रिंग फिरवत असते. गॅरेजमध्ये कोणीच ते म्हणत नाही. दुसरी गोष्ट, ज्या माणसाला तिच्या शब्दांवाचून दिसत नाही, त्याला ती दाखवते आहे. बाबांचा पडदा परत यायचा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. टीव्हीवरचं चित्रही एक दिवस पुरेसं नसेल. तेव्हा फक्त तिचं सांगणं उरेल, आणि तोपर्यंत तिच्याकडे शब्द हवेत. म्हणून आम्ही घाई न करता, पण रविवार न चुकवता करतो.

ज्यांना रेल घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. साधी, हाताने फिरवायची पुरते, मोटारवाली नको. दात्यांच्या पट्टीपेक्षा लांब स्क्रूवाली घ्या, बारीक पाऊल नीट पडतं. आपल्या ट्रायपॉडची प्लेट तिच्यावर बसते का, आधी बघा. ट्रेड मी वर जुन्या मिळतात. खुंटी नेहमी एकाच दिशेने फिरवा, उलट फिरवली की स्क्रूतली ढिलाई पावलं खाते. कॅमेरा खाली वाकवला असेल तर वजनाने तो स्वतःच सरकतो, म्हणून शक्यतो आडवा ठेवा. सुरुवात किड्याच्या सर्वांत पुढच्या टोकाच्याही दोन पावलं आधी आणि शेवट दोन पावलं नंतर. जागा सोडलेली परवडते, कमी पडलेली नाही.

कॅमेरा, किडे हे आमचं झालं. तुमच्याकडे ते पुरणपोळी असेल, तबला असेल, गावच्या शेताचा नकाशा असेल. मला खरंच जाणून घ्यायचं आहे: तुमच्या घरात असं कोणतं काम आहे जे मुलाला हवंय आणि मराठीशिवाय अडतं? खाली लिहा. आणि तुमच्या पिल्लांना एकोणतीस, एकोणचाळीस म्हणायला सांगून बघा, कुठे अडतात तेही कळवा. आजोबांना निकाल वाचून दाखवायचा आहे.