बर्नाउअर रस्ता ते तीन बत्ती

बर्लिनच्या बर्नाउअर रस्त्यावर एकेकाळी घर पूर्वेत होतं आणि दारापुढचा फुटपाथ पश्चिमेत. १२-१३ ऑगस्ट १९६१च्या रात्री पूर्व जर्मनीनं सरहद्द बंद केली, पुढे दारं बुजवली, तेव्हा लोक खिडक्यांतून उड्या टाकू लागले. २२ ऑगस्टला ईडा झीकमान या बाईंनी तिसऱ्या मजल्यावरून आधी गाद्या-सामान खाली टाकलं आणि मग स्वतः उडी घेतली. त्या वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा ५९वा वाढदिवस होता.

हे मला माझ्या भाच्यानं त्याच रस्त्यावर फिरताना सांगितलं. तो बर्लिनमध्ये शिकतो. भिंत होती तिथं आता गंजक्या रंगाच्या पोलादी सळया उभ्या आहेत, मध्ये फटी ठेवून, म्हणजे माणूस हवं तिथून आरपार जाऊ शकतो. भिंतीपायी किमान १४० जणांचा जीव गेला. एका लांब पोलादी चौकटीत त्यांचे फोटो आणि नावं आहेत. त्यांत लहान मुलंही आहेत. पुढे मातीचं एक लंबगोल प्रार्थनाघर लागतं. सरहद्दीच्या पट्ट्यात अडकलेलं जुनं चर्च १९८५ साली सुरुंग लावून पाडलं होतं. त्याच चर्चचा चुरा मातीत मिसळून, माती चोपून चोपून २०००मध्ये हे उभारलं. त्या भिंतीत विटांचे तुकडे दिसतात. मी कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून उभी होते.

भाच्याला भिंत पडल्याची तारीखही पाठ होती, ९ नोव्हेंबर १९८९. मी त्याला विचारलं, "आणि आपल्याकडची?"

"आपल्याकडची कुठली, मावशी?"

तो भिवंडीत वाढलेला मुलगा. तिथली मे १९७०ची हिंदू-मुस्लिम दंगल त्याला ठाऊक नव्हती, मे १९८४चीही नाही. १९८४ साली मी शाळेत होते. कर्फ्यू लागला आणि माग थांबले. भिवंडीत दिवसरात्र मागांची खडखड असते, ती बंद पडली की लहान मुलांनासुद्धा झोप येत नाही. नंतर माग सुरू झाले, पण काही गल्ल्यांतून आम्हाला कुणी जाऊ देईना. माझी एक मैत्रीण मोहल्ला सोडून गेली. भिंत कुणी बांधली नव्हती, तरी कुठून पुढे जायचं नाही हे आम्हा सगळ्या पोरांना कळत होतं.

खरं तर भिवंडीचे असे दोन भाग होऊच शकत नाहीत. सूत देणारा व्यापारी एक, माग दुसऱ्याचे, त्यावर उभा राहणारा कारागीर उत्तर प्रदेशातला नाहीतर तेलंगणातला. एकानं हात काढला की कापड निघत नाही. तरी दोनदा गाव पेटलंच. व्यवहार माणसांना जवळ ठेवतो, ओळख मात्र वेगळी करून द्यावी लागते. ते काम १९८८पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी केलं. मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या काढल्या, दोन्ही समाजांची माणसं आणि हद्दीतले पोलीस नेमानं समोरासमोर बसवले. रस्त्यातलं भांडण असो की अफवा, बोलणं तिथंच व्हायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मला याचा फार अभिमान आहे. आणि आमच्या पोरांना ते माहीत नाही याचा रागही येतो.

भिवंडीच्या तीन बत्तीला, निजामपुऱ्यात, मंडईत मी आयुष्यभर फिरले. दंगलींत गेलेल्यांची नावं कुठे लिहिलेली माझ्या पाहण्यात नाहीत. १९९२ची शांतता सांगणारी पाटीही पाहिली नाही. मला दोन्ही हव्यात, एकाच ठिकाणी. जखम लपवून नुसतं कौतुक मिरवू नये, आणि सावरल्याचं न सांगता नुसती जखम दाखवू नये.

"नावं गोळा कोण करणार?" भाच्यानं विचारलं.

तो या सुट्टीत येतोय. त्या समित्यांवर बसलेली काही माणसं अजून आहेत, सत्तरीच्या पुढची. दोन तर आमच्याच कारखान्यामागे राहतात. आधी त्यांच्याकडे जायचं आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, असं आमचं ठरलं आहे.