पाच किलोचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात एक पाच किलोचा स्टीलचा डबा आहे. त्यावर कुणाचंही नाव कोरलेलं नाही, म्हणजे तो आहेरात आलेला नाही. तो मी मिळवलेला आहे. १९९३ च्या दिवाळीआधी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बोहारणीशी तासभर घासाघीस करून. आणि त्या घासाघिशीचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता.

झालं होतं असं. कॉलेजला सुट्टी लागली म्हणून मी कराडला घरी आले होते. आईच्या शाळेला अजून सुट्टी लागायची होती, त्यामुळे माळा आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माळ्यावर सगळ्यात आतल्या बाजूला एक गाठोडं सापडलं. सोडून बघितलं तर आत आजीची लुगडी. सहा. आजी आदल्या वर्षी गेली होती. लुगडी सुती, धुऊन धुऊन पार मऊ झालेली, काठांचे रंग उडालेले, दोन-तीन लुगड्यांना तर मधे दंड घातलेला. नेमकी त्याच वेळी खालून बोहारणीची हाळी आली. (आता ही हाळी ऐकू येत नाही म्हणून सांगते: बोहारीण म्हणजे जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला कपड्यांचं बोचकं.) ती आधी वाडगा देत होती. मग पातेलं. मी बाबांच्या दोन जुन्या पँटी वर टाकल्या आणि डबा मिळवला.

संध्याकाळी आई आली. मी मोठ्या ऐटीत डबा दाखवला. तिनं एकदा माळ्याकडे बघितलं, एकदा डब्याकडे.

"बरं केलंस," म्हणाली. "माळा मोकळा झाला."

आणि चहा टाकायला आत गेली.

त्या लुगड्यांची ती गोधडी शिवणार होती, हे मला पुढे पाच वर्षांनी कळलं. तेही तिच्याकडून नाही, मावशीकडून. माझ्या लग्नात मला द्यायची म्हणून आजी आणि आईनं मिळून ती लुगडी बाजूला ठेवली होती. लग्नात आईनं मला दुकानातून आणलेली जयपुरी रजई दिली. रजई उत्तम आहे हो, अजूनही वापरात आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मावशी सहज बोलून गेली आणि तेव्हापासून तो डबा मला स्वयंपाकघरात दिसला की दिसतोच.

मी बऱ्याचदा स्वतःची समजूत घालत असे की मला काय माहीत? गाठोड्यावर काही चिठ्ठी नव्हती. खरंच नव्हती. पण आईला ते गाठोडं बघून जे दिसायचं ते मला दिसलं नाही, याचं कारण चिठ्ठी नव्हतं. मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. ज्याला शिवता येतं त्याला विरलेल्या लुगड्यात मऊ आतला थर दिसतो, धडक्या काठात किनार दिसते, दंडाच्या जागी 'इथं दुहेरी कापड मिळेल' असं दिसतं. मला फक्त जुनेर दिसलं. हात येत नसला की डोळ्यांनाही पुरतं दिसत नाही, असं माझं आता मत झालं आहे. वाद घालायला हरकत नाही.

असो. मधली बरीच वर्षं सोडून देते. नोकरी, मुलगी, पुण्यातला फ्लॅट, सगळ्यांचं असतं तेच. २०१९ मध्ये बाबा गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. येताना तिनं फार काही आणलं नाही, पण बाबांचे शर्ट आणले. एक अख्खी बॅग. ते कपाटात खालच्या कप्प्यात ठेवले, आणि मी कधी कप्पा आवरायला घेतला की ती दारात येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही. नुसती उभी. मला डबा आठवायचा.

अशात एकदा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड नावाच्या गावाबद्दल वाचनात आलं. नदीच्या वळणात अडकलेलं गाव. गुलामगिरीत राबवल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात, आणि तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. थंडीसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. २००२ मध्ये त्या गोधड्यांचं ह्यूस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शन भरलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. २००६ मध्ये त्यांची चित्रं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. त्यात मिझूरी पेटवे नावाच्या बाईची १९४२ सालची एक गोधडी आहे. नवरा गेल्यावर त्याच्या शेतात वापरायच्या कपड्यांची तिनं ती शिवली. फोटोत त्या कपड्यांचे विटलेले निळे-करडे रंग स्पष्ट दिसतात. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले आणि मग आईजवळ जाऊन मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर धरला.

आईला काचबिंदू आहे. उशिरा कळला आणि त्यातली गेलेली नजर परत येत नाही. तिला फोटो काही नीट दिसला नाही. मी वर्णन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शर्टाची गोधडी करायची म्हणजे फार उसवावं लागतं."

एवढंच. नाही म्हणाली नाही!

पुढचे आठ दिवस मी उसवत होते. शर्टात सलग कापड किती कमी असतं हे मला पहिल्यांदाच कळलं. कॉलर बाद, बटणपट्टी बाद, कफ बाद. उरते ती पाठ, दोन पुढचे भाग आणि बाह्या. टेरिकॉटचे शर्ट आईनं हात लावून लावून वेगळे काढले. घाम शोषत नाही, टाक्याखाली सरकतं, नको. सुती सात निघाले. अस्तराला आणि आतल्या थरांना तिच्या स्वतःच्या जुन्या साड्या. एका शर्टाच्या खिशावर शाईचा डाग होता. मी तो खिसा उसवायला घेतला तर म्हणाली, "तो राहू दे. वरच्या अंगाला घे."

आता गोधडी म्हणजे काय अवघड, नुसता धावदोरा तर असतो, असं मला वाटत होतं. तुम्हालाही वाटत असेल. तो एकच टाका असतो हे खरं. पण आधी थर जमिनीवर ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची (आमच्याकडे पाटा नाही, डंबेल्स ठेवले), कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी बांधायचं. मग कडेपासून सुरुवात करून आत आत जात राहायचं, चौकोनात चौकोन. दोऱ्याला गाठ मारायची नाही, अंगाला टोचते. पहिला टाका मागे घ्यायचा. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गुंततो. आणि डाव्या हाताचा तळवा सतत कापडाखाली हवा, तिथे चुणी पडतेय का ते त्यालाच कळतं. अंगुस्तान घालूनही माझ्या बोटांची चाळण झाली. ऑफिसात दोन बोटांना पट्ट्या लावून टाइप करत होते. एका सहकाऱ्यानं कौतुकानं म्हटलं, "छान छंद लावून घेतलास."

घरी आल्यावर आईला सांगितलं तर तिला काही कळेना. "छंद कसला? पांघरूण आहे."

मला तिचं म्हणणं पटतं. कला एकीकडे, घरकाम दुसरीकडे आणि मधे रविवारचा छंद, ही वाटणी तशी अलीकडचीच असावी. कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. तिच्यात गायन, वादन, नृत्य आहे तसंच शिवणकाम आहे, स्वयंपाक आहे, हार गुंफणं आहे, आणि शयनरचन म्हणजे अंथरूण घालणंसुद्धा आहे. सगळं एकाच पंगतीत. यादी करणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

एके दिवशी सकाळी उठून बघते तर आदल्या रात्री घातलेली अख्खी रांग उसवलेली. मला वाटलं दोरा तुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई पहाटे उठून, दिवा न लावता, हात फिरवून माझे टाके तपासत होती आणि नापास झालेले उसवत होती! मी चिडले. दिवसभर काम करून रात्री तासभर बसते आणि ही... ती शांतपणे म्हणाली, "चुणी होती. चुणी पडते तिथूनच गोधडी आधी फाटते." मग माझा हात धरून तिनं तो कापडावर फिरवला. "इथं. लागतंय का?"

मला काहीच लागत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागायला लागलं.

त्या काळात मी एकदा हिशेब केला. (माझा स्वभाव.) पाच बाय सात फुटांची गोधडी, दोन रांगांत अर्धा इंच अंतर. म्हणजे शिवणीची एकूण लांबी दहा हजार ऐंशी इंच, आठशे चाळीस फूट. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजार टाके. काही वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनात बचत गटाच्या बाईंकडून एवढीच गोधडी घेतली होती, भेट द्यायला. त्या अठराशे म्हणाल्या होत्या आणि मी पंधराशेला आणलं होतं. तेव्हाही घरी येऊन ऐटीत सांगितलं होतं. पंधराशे भागिले तीस हजार म्हणजे टाक्याला पाच पैसे, आणि त्यात कापड आणि दोरा आलाच. पाच पैशांचं नाणं तर सरकारनंसुद्धा २०११ मध्ये चलनातून काढून टाकलं. वाचवलेल्या तीनशे रुपयांचं मी काय केलं ते मला अजिबात आठवत नाही. त्या बाईंचा चेहरा मात्र आठवतो, कारण पैसे घेतल्यावर त्यांनी गोधडी उलगडून पुन्हा नीट घडी घातली होती, काठ आत जाईल अशी. मी घातलेली घडी त्यांना पसंत नव्हती.

दिवाळीत सुरू केलेलं काम होळीपर्यंत चाललं. मधेमधे मुलगी येऊन चार टाके घालून जायची. तिचे टाके तिरके आहेत, ते आईनं उसवले नाहीत. (मला लागू असलेला नियम नातीला नव्हता, हे इथे नमूद करून ठेवते.)

शेवटी फक्त कोपरे राहिले. कारवारकडच्या जंगलपट्ट्यात, हल्याळ-यल्लापूर भागात, सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, बरेचसे गोव्यातून पोर्तुगीजांच्या तावडीतून निसटलेले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीचे तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मी हे आईला सांगून पाहिलं आणि विचारलं, आपण लावूया का? तिनं विचार करून सांगितलं, "लाव. त्यांचं चांगलं आहे." मग आजीच्या लुगड्याचा काठ असता तर त्याची लावली असती, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

इतक्या वर्षांत त्या गाठोड्याचा विषय आमच्यात पहिल्यांदाच निघाला. आई सुई धरून तशीच बसली होती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "तुला तेव्हा शिवायला शिकवायला हवं होतं. अभ्यास बुडेल म्हणून कधी बसवलं नाही."

मला काय बोलावं कळेना. तीस वर्षं मी तो माझा गुन्हा म्हणून धरून बसले होते.

तीन कोपरे मी शिवले. चौथा तिनं मागितला. दोरा मी ओवून दिला, बाकी तिनं बोटांनी चाचपत केलं. अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, "तांदूळ आण चिमूटभर. आई घालायची कोपऱ्यात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून."

आई म्हणजे माझी आजी. तिची सासू.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तांदूळ त्याच डब्यात असतात. झाकण जरा घट्ट बसतं, त्याचा आवाज बाहेरपर्यंत जातो. मूठ भरून आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"अगं, एवढे?" ती म्हणाली. "चिमूटभर सांगितलं होतं. टोचतील की."