खायच्या कामाची नाही

परवा सकाळी बाबा फिरून आले ते हातात काहीतरी घेऊनच. ऑक्टोबर संपत आलाय, इथे न्यू जर्सीत ओकच्या पानांचा नुसता खच पडलाय. त्यातच त्यांना ती सापडली. खाली पाच-सहा पाकळ्या उलगडलेल्या, मधे छोटीशी बशी आणि बशीत टोक आलेला गोल चेंडू.

"अगं, अळंबीच असणार. गावाला पावसात आणायचो की आपण. तुझी आई काय कालवण करायची!" असं म्हणत थेट ओट्यावर.

मी ओरडलेच. "बाबा, काहीही काय उचलून आणता? विषारी असली तर?"

ते काही बोलले नाहीत. हात धुतले आणि खोलीत जाऊन बसले.

आई गेल्यानंतर पहिल्यांदाच आलेत. सहा महिने राहा म्हटलं, तर तिसऱ्या आठवड्यापासूनच तिकीट अलीकडचं करायचं चाललंय. कारण एकच, "इथे माझं काय काम?"

दुपारी मन खायला लागलं, म्हणून नेटवर शोधत बसले. त्या बशीवरून ओळख पटली. गिआस्ट्रम ट्रिप्लेक्स, अर्थस्टार बुरशीतला एक प्रकार. १८४० साली युंगहुन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं होतं. न उमललेली असताना कांद्यासारखी दिसते, मग बाहेरचं साल ताऱ्यासारखं फाटतं. पण चिवट, चामड्यासारखी. खाण्याजोगी नाहीच.

बाबांना जाऊन सांगितलं, "खायच्या कामाची नाही हो ती."

"मग करते काय?"

मी वाचून दाखवलं. पडलेली पानं कुजवते, त्यावरच जगते. चेंडूवर पावसाचा थेंब पडला की टोकावरच्या भोकातून बीजाणू उडतात.

बाबा उठले. चमच्यात पाणी घेतलं, अळंबी अंगणात नेऊन ठेवली आणि वरून एक थेंब सोडला. फुस्स! तपकिरी धूर. माझा मुलगा धावत आला. "आजोबा, अजून एकदा!" मग चमचा संपेपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं.

सॉरी म्हणायचं मात्र माझं राहूनच गेलं.

असो. तिकिटाचं अजून काही ठरलेलं नाही. पण आज सकाळी फिरायला जाताना बाबांनी नातवाला बरोबर घेतलं. आणि माझ्याकडे एक रिकामा डबा मागितला.