वॉर्ड आणि घर यांच्यामध्ये

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये पनवेल महापालिकेचा करोनाचा रोजचा अहवाल मोबाइलवर यायचा. मुंबईत कामाला जाणाऱ्यांचा उल्लेख त्यात वारंवार असे. परिचारिका, लॅबमधले तंत्रज्ञ, वॉर्डबॉय. नोकरी शीव-परळच्या रुग्णालयांत आणि घर कामोठे, कळंबोली, खारघरला. कारण मुंबईतलं भाडं झेपत नाही. लवकरच मागणी सुरू झाली, की या लोकांची राहण्याची सोय मुंबईतच करा. त्यामागची भीती खोटी नव्हती. दोन खोल्यांच्या घरात म्हातारे सासू-सासरे असताना ती कुणालाही वाटली असती. पण दिवसभराचा शीण जिथे उतरवायचा, तिथेच आपण नकोसे झालो, हे कळल्यावर माणसाने जायचं कुठे?

पनवेल-सीएसएमटी लोकलचा सव्वा तासाहून जास्तीचा प्रवास हा एरवी बाईचा हक्काचा वेळ. भाजी निवडायची, मैत्रिणीपाशी मन मोकळं करायचं, परतताना वाशीची खाडी ओलांडली की डोळा लागायचा. वॉर्ड आणि घर यांच्यामध्ये एवढं अंतर मनालाही लागतं. मार्चमध्ये लोकल थांबल्या. अत्यावश्यक सेवेसाठी त्या १५ जूनला सुरू होईपर्यंत बसमधून जायचं, तेही शेजारच्या खोकल्याकडे कान ठेवून. विसाव्याची तीही जागा गेली.

पीपीई किटमध्ये तासन्तास पाणी नाही, लघवीला जाता येत नाही, हे सगळ्यांनी वाचलं. मला त्याहून जड वाटतं ते दुसरंच. रुग्णालयात मरण पूर्वीही होतं. पण रडायला नातेवाईक असत, आणि सिस्टर दोन शब्द बोलून पुढच्या खाटेकडे वळू शकत असे. करोनात नातेवाईक दाराबाहेर राहिले. व्हिडिओ कॉल लावून पेशंटच्या तोंडासमोर मोबाइल धरणारी सिस्टरच त्या घटकेपुरती त्याची मुलगी झाली. इतक्या घरांचं दुःख तिच्या अंगावर आलं, आणि ते करायला ड्युटीच्या तक्त्यात एक तासही नव्हता.

साथीच्या काही महिनेच आधी, २०१९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या केली होती : अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तिने हा आजार मानला नाही. कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा हा परिणाम, असं म्हटलं. मग उपाय फक्त काम करणाऱ्याच्या मनात कसा शोधायचा? योग आणि समुपदेशन यांचं मोल मोठं आहे. २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, तोही हवाच. पण दोघींचं काम एकटीने ओढून नाइट संपवणाऱ्या बाईला आधी बदली सिस्टर हवी असते, मग झोप, आणि मग बोलायला माणूस.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती कंत्राटावर घेतलेल्यांची. राज्यभर साथीत अशा नेमणुका झाल्या. लाट ओसरली तशी त्यांतल्या अनेकांना घरी पाठवलं आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा माणसं शोधायची वेळ आली. कायम नोकरीतल्याला निदान रजेचा अर्ज करता येतो. कंत्राट संपलेल्याची झोप उडाली, तर त्याने कुणाकडे जायचं? त्यांच्या नेमणुकीच्या याद्या दप्तरी असणारच. आरोग्य खात्याने त्या काढाव्यात, एकेकाला फोन करावा आणि ज्याला गरज आहे त्याचे उपचार आपल्या खर्चाने करावेत. हे आजही करता येईल.